क्रूझवरचे संगीत शो लहान मुलांना दाखवावेत का?

पेवातली हळद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे, विश्रामबागला राहतो. माझा मोठा भाऊ अमेरिकेत असतो. त्याने मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांचं सात रात्रींच्या क्रूझचं बुकिंग केलंय. जहाज सिंफनी ऑफ द सीज. आम्ही दोघं, लेक नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा आणि सासूबाई.

सामान, व्हिसा, खाणं हे सगळं निभेल. माझा प्रश्न तिथल्या शोंचा आहे. जहाजावर मोठं थिएटर आहे आणि तिथे 'हेअरस्प्रे' नावाचं ब्रॉडवेचं संगीत नाटक होतं. वेगळं तिकीट नाही, फक्त जागा आधी राखून ठेवायची. शिवाय बर्फावरच्या स्केटिंगचा शो आणि रात्री उघड्यावर पाण्यातल्या उड्यांचा शो. वहिनीने काही क्लिप पाठवल्या. तोकडे कपडे, पोरापोरींचं नाचगाणं, एक चुंबनही. मी बघत असताना लेक मागे येऊन उभी राहिली आणि मी फोन पालथा टाकला. "काय बघत होतीस?" म्हणाली. मला काहीच सांगता आलं नाही. तेव्हापासून मनात हेच चाललंय.

हे म्हणतात, टीव्हीवर रोज काय लागतं ते बघ आणि मग बोल. सासूबाई म्हणतात, "मला इंग्रजी कळायचं नाही, पण नाटक असेल तर मी बसणार." मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून जास्त अडकलेय. मुलांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भडंगप्रेमी

ताई, बिनधास्त न्या. आमची दोन्ही पोरं सिंगापूरच्या क्रूझवर रोज रात्री शोला बसली. नाचगाणं बघून लई खूष होती. पोरांना कपडे दिसत नाहीत ओ, लाईट दिसतात.

कंदीपेढा

मी साताऱ्याची, दोन मुलींची आई. माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. पाच वर्षांच्या मुलाला दिसत नसेल, पण नऊ वर्षांच्या मुलीला सगळं दिसतं. ती बोलत नाही एवढंच. या वयात बघितलेलं मनात बसतं आणि मग आरशासमोर ती तसंच उभं राहून बघते. माझ्या थोरलीने एका लग्नातल्या संगीतात मोठ्या मुलींचा नाच बघितला आणि पुढे कित्येक दिवस तेच हावभाव करत होती. मला ते बघवत नव्हतं आणि रागवावं तर तिची काही चूक नव्हती.

त्या जहाजांवर ३ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी वेगळा क्लब असतो, तिथे सांभाळणारी माणसं असतात. मुलं तिथे रमतात. मोठ्यांचं मोठ्यांनी बघावं. जगाचं सगळं आठवडाभरात दाखवायलाच हवं असं थोडंच आहे?

चारभिंती

कंदीपेढाताईंची काळजी खरी आहे. आमचा अनुभव लिहितो. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या क्रूझला गेलो होतो, कुठली ते लिहीत नाही. टूरवाल्याने छातीठोक सांगितलं होतं, "सगळे शो फॅमिली शो आहेत." रात्री दहाच्या शोला सात वर्षांच्या मुलाला घेऊन पुढच्या रांगेत बसलो. दारावर कुणी हटकलं नाही. पडदा वर गेला आणि पहिल्या दोन मिनिटांत कळलं की हा शो मुलांसाठी नाही. पुढच्या रांगेतून सगळ्यांच्या नजरा झेलत मुलाचा हात धरून बाहेर पडलो. मुलगा विचारत होता, "बाबा, मी काही केलं का?" ते वाक्य अजून टोचतं मला.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये आलेला रोजचा कार्यक्रमाचा कागद नीट वाचला, तर त्यात बारीक अक्षरात अठरा वर्षांवरील असं छापलेलं होतं. म्हणजे चूक टूरवाल्याची आणि माझीही. तेव्हा ताई, दुसऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. रोजचा कागद किंवा ॲप स्वतः वाचा.

मिरजेची तार

हा धागा बघून राहवलं नाही. मी मिरजेचा. घरात तीन पिढ्या सतारी-तंबोरे बनवायचं काम. मी आवाजाच्या तंत्राकडे वळलो आणि काही वर्षं क्रूझच्या थिएटरमध्ये साऊंडवर काम केलं. आतून जे बघितलं ते सांगतो.

"क्रूझवरचा शो" ही एक गोष्ट नाहीच. निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना एकच मोजमाप लावलं की घोळ होतो. पहिला प्रकार कंपनीने स्वतः बसवलेला शो. गाणी, नाच, कसरती, गोष्ट नावापुरती. यात कपडे चमचमीत आणि तोकडे असतात, पण बोलणं जवळपास नसतंच. दुसरा प्रकार ब्रॉडवेकडून हक्क घेऊन केलेलं पूर्ण नाटक, तुमचं हेअरस्प्रे त्यातलं. तिसरा म्हणजे रात्री उशिराचे विनोदवीर आणि नवरा-बायकोंचे खेळ. त्यांत भाषा मोकळी असते आणि बऱ्याच ठिकाणी लहानांना प्रवेशच नसतो.

दुसऱ्या प्रकाराबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. त्यांना वाटतं जहाजावर लहान मुलं असतात, म्हणजे नाटक सौम्य केलेलं असेल. तसं धरून चालू नका. हक्क विकत घेतले तरी संहितेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही, परवानगी लागते. संध्याकाळी लवकरचा आणि उशिराचा असे दोन प्रयोग असतात. लवकरच्या प्रयोगाला मुलं जास्त दिसतात, पण नाटक तेच असतं, शब्द तेच असतात.

आणि नाटका-नाटकात जमीन-अस्मानाचा फरक. नॉर्वेजियन ब्रेकअवे हे जहाज २०१३ मध्ये आलं तेव्हा त्यावर 'रॉक ऑफ एजेस' होतं. त्यात दारूचा बार आणि उत्तान नाचाचा क्लब आहे, मुलांना अजिबात नको. त्याच कंपनीच्या ब्लिसवर 'जर्सी बॉइज' होतं, संगीत फार सुरेख, पण तोंडी शिव्या. रॉयल कॅरिबियनच्या अल्युअरवर २०१० मध्ये 'शिकागो' होतं, म्हणजे खून आणि तुरुंग. उलट डिस्नी वंडरवर 'फ्रोझन' आणि २०२४ च्या आयकॉनवर 'विझार्ड ऑफ ओझ'. कंपनी चांगली म्हणून शो मुलांचा, असं कुठेच नाही. शिवाय शो बदलत राहतात, त्यामुळे निघायच्या आधी महिनाभर पुन्हा एकदा तपासा.

आता कपड्यांबद्दल. मी साऊंड बोर्डच्या मागून प्रेक्षकांतली मुलं शेकडो वेळा बघितली. तोकड्या कपड्यांनी रडलेलं मूल एकही आठवत नाही. रडतात ती अंधाराने, धुराने आणि आवाजाने. एकदम दिवे जातात, ढोलाचा दणका बसतो, पांढरे दिवे लुकलुकतात, की पाच वर्षांचं पोर आईच्या कुशीत शिरतं. तुमच्या मुलासाठी मला चिंता त्याची वाटते. स्पीकरच्या तोंडाशी बसू नका. मागच्या बाजूला, कडेच्या खुर्च्या घ्या, उठून जाता येतं. मुलांच्या कानांवर लावायचे जाड ईअरमफ मिळतात, ते इथूनच घेऊन जा. लुकलुकत्या दिव्यांची सूचना दारावर लिहिलेली असते. फिट येणाऱ्या मुलांसाठी ती फार महत्त्वाची.

आणखी एक. सिंफनीसारख्या जहाजांचं मोठं थिएटर पुढच्या टोकाकडे असतं. समुद्र खवळला की पुढचं टोक जास्त वर-खाली होतं. अशा रात्री आम्ही हवेतल्या कसरती रद्द करायचो. सासूबाईंना गाडी लागत असेल तर पोटभर जेवून लगेच तिथे बसवू नका.

आयर्विन पूल

मिरजेची तार यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमची चार वर्षांची तीन मिनिटांत बाहेर. कारण ढोल. तीच दुसऱ्या दिवशी बर्फावरचा शो दोनदा बघायला तयार.

कृष्णाकाठ

वय झालं, बोटं हळू चालतात, पण लिहितो.

आपल्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी राजेसाहेबांपुढे सीतास्वयंवर उभं केलं. त्यात राक्षस आरडाओरडा करत येत, तलवारी चालत. पण पुढ्यात बसलेल्या प्रत्येकाला गोष्ट आधीच ठाऊक होती. धनुष्य कोण मोडणार हे पोरालाही माहीत. म्हणून राक्षस आला तरी त्याला धीर असायचा. मला वाटतं, मुलाला कुठल्याही नाटकाला न्यायचं तर हे एवढं आधी करावं. गोष्ट घरी सांगून ठेवावी.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांनी मला संगीत शारदा दाखवलं. हरिपूरच्या देवलांचं, १८९९ चं नाटक. विषय काय, तर पैशासाठी कोवळी पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायची. हा विषय लहान मुलाचा आहे का? नाही. पण परतताना वडिलांनी सायकल हातात धरून चालत चालत सगळं समजावलं, आमच्याच भावकीतल्या एका आत्याचं नाव घेऊन. घरापर्यंतचा तो रस्ता मला नाटकापेक्षा जास्त आठवतो. दुसरीकडे, कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा जत्रेत लागला की आम्ही पोरं कनातीच्या फटीतून बघायचो. वगातले विनोद कळायचे नाहीत, पण मोठी माणसं हसली की हसायचो. विचारायला जवळ कुणी नव्हतं, मग नको ते अर्थ वर्गातल्या थोराड पोरांकडून कळले. काळू-बाळू थोर कलावंत होते, दोष त्यांचा नाही. पोर एकटं बघत होतं, हा दोष.

म्हणून कंदीपेढाताई, तुमच्या थोरलीबद्दल एक विचारतो. तिने नाच बघितला तेव्हा तिच्याशी कुणी त्यावर बोललं का?

कंदीपेढा

काका, खरं सांगते, नाही बोललं. मी नुसतं "बस झालं" म्हणत राहिले. तुमचं लिहिणं वाचून विचार करतेय. तरीही माझं मत पूर्ण बदललेलं नाही. बोलायचं म्हटलं तरी आईला शब्द सुचायला हवेत ना? तिथे अंधारात, इंग्रजीत, भर शोमध्ये काय समजावणार? तुमच्या वडिलांना घरापर्यंतचा रस्ता होता.

पेवातली हळद (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती, आता लिहिते.

मी हेअरस्प्रेची गोष्ट शोधून वाचली. १९६२ चं बाल्टिमोर शहर. एक जाड मुलगी आहे, तिला टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात जायचंय. लोक तिच्या जाडेपणावर बोलतात. ती तरी जाते आणि नाचते. त्याच कार्यक्रमात कृष्णवर्णीय मुलांना महिन्यातून एकच दिवस नाचू देतात, तर ही म्हणते सगळ्यांनी एकत्र नाचायचं. त्यासाठी तुरुंगातही जाते.

माझी लेक अंगाने भरलेली आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला मागच्या रांगेत उभं केलं. तिला वर्गात एक नाव पडलंय, ते मी इथे लिहिणार नाही. गॅदरिंगनंतर ती म्हणाली, "मला नाच आवडतच नाही." तोवर रोज घरभर नाचणारी पोर.

म्हणजे आता माझी भीती वेगळीच झालीय. तिथे नाटकात त्या मुलीला जाडी म्हणून हिणवतील, सगळं थिएटर हसेल आणि माझी लेक शेजारी बसलेली असेल. तिला बरं वाटेल की आणखी लागेल?

अजिंक्यतारा

ताई, मी साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवते. तुमची पोस्ट वाचून डोळे भरून आले.

मुलांना हिणवणं नवीन नसतं, ते रोजच ऐकतात. नवीन असतं ते हिणवलेल्या मुलीने गोष्टीच्या मध्यभागी उभं राहणं. आपल्या सिनेमांत जाड मुलगी म्हणजे नायिकेची मैत्रीण आणि तिच्यावर विनोद. इथे तीच नायिका आहे. माझा अनुभव असा की मूल हसणाऱ्यांकडे बघत नाही, शेवटी कोण जिंकलं ते बघतं. फक्त शेवट आधी सांगून ठेवा. काकांनी सीतास्वयंवराचं म्हटलं ते अगदी बरोबर. "आधी तिला नावं ठेवतात, पण ती नाचते आणि सगळ्यांना नाचवते," एवढं तिला माहीत असेल तर टोमण्याच्या वेळी ती घाबरणार नाही, वाट बघेल.

वेगळं बसवण्याचा जो भाग आहे, तो समजवायला अमेरिकेत जायलाच नको. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं आणि बाकीच्या मुलांपासून लांब बसावं लागायचं. हे मी दरवर्षी ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिवसाला, वर्गात सांगते. मग कर्मवीर अण्णांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, हे सांगते. तिसरीतली मुलं सगळं समजतात. दरवर्षी एक तरी मूल विचारतं, "बाई, मग त्याच्या शेजारी कुणीच का नाही जाऊन बसलं?" तुमच्या नाटकातली ती मुलगी शेजारी जाऊन बसणारी आहे, असं सांगा लेकीला.

मी तुमच्या जागी असते तर लेकीला नक्की नेलं असतं. पाच वर्षांच्या मुलाला नसतं नेलं. इंग्रजी संवाद, दीड-दोन तास, त्याच्या दृष्टीने ती शिक्षाच.

मिरजेची तार

बाईंच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. लहानग्याला पाण्याचा शो दाखवा. उंचावरून सूर मारतात, दोरीवर चालतात, बोलणं काहीच नाही. पुढच्या रांगांत अंगावर पाणी उडतं, मुलांना तेच आवडतं. आणि एक सांगायचं राहिलं होतं. हेअरस्प्रेत काही द्व्यर्थी विनोद आहेत, थोडं प्रेमप्रकरण आहे. मोठ्यांना कळतात, नऊ वर्षांच्या मराठी मुलीच्या डोक्यावरून जातील. आणि त्या मुलीच्या आईचं काम पुरुष करतो, तशी प्रथाच आहे त्या नाटकाची. त्याची मनाची तयारी ठेवा, लेक विचारेल.

भडंगप्रेमी

मी वरती सहज लिहून गेलो होतो. ताई, तुमची पोस्ट वाचून वाटलं, एवढा विचार मी केलाच नव्हता. पोरीला घेऊन जावा.

पेवातली हळद (धागाकर्ती)

मंडळी, परत आलो. धागा अर्धवट सोडायचा नव्हता.

लेक, सासूबाई आणि मी हेअरस्प्रेला गेलो. धाकटा बाबांबरोबर मुलांच्या क्लबमध्ये नाव नोंदवायला गेला आणि तिथेच थांबला. जायच्या आधी डेकवर बसून मी लेकीला पूर्ण गोष्ट सांगितली, अजिंक्यताराताईंनी सांगितली तशी. साताऱ्याच्या शाळेतल्या गोणपाटाचीही. ती म्हणाली, "म्हणजे ती जाडी मुलगीच हिरॉइन?" मी हो म्हटलं. गप्प बसली.

शोमध्ये पहिल्यांदा जाडेपणावर बोलले आणि लोक हसले तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. तिने माझा हात धरला होता, पण नजर स्टेजवरच होती. चुंबन आलं आणि गेलं. मी ज्याच्या धास्तीने फोन पालथा टाकला होता, ते तिच्या लक्षातही राहिलं नाही. कपड्यांबद्दल म्हणाल तर फुगीर झगे आणि उंच बांधलेले केसच जास्त होते.

मग नायिकेची आई आली. तेव्हा मात्र लेकीने विचारलंच, "आई, ही बाई आहे की माणूस?" मी उत्तर जुळवेपर्यंत सासूबाईंनी तिच्या कानात सांगितलं. त्यांचं माहेर पलूसकडचं, बालगंधर्वांच्या नागठाण्याचं. "आमच्या गावचे बालगंधर्व असेच बाईचं काम करायचे. माझे वडील सांगायचे, त्यांनी शालू जसा नेसला तसा पुण्या-मुंबईच्या बायका नेसायच्या." लेक "बरं" म्हणाली आणि पुढचं नाटक बघायला लागली. मी ज्याचं उत्तर शोधत बसले असते, ते त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. इंग्रजी न कळणाऱ्या सासूबाईंनी दोन तासांत एकदाही डोळा मिटला नाही.

नाटकातली ती आई कपड्यांना इस्त्री करते आणि जाडेपणामुळे कित्येक वर्षं घराबाहेरच पडलेली नसते. शेवटी स्टेजवर हेअरस्प्रेचा भला मोठा डबा येतो आणि ती त्यातून बाहेर पडते, नटूनथटून. लेक खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवत नाचली. मागच्या बाईंना दिसत नव्हतं, मी तिला बसवायला गेले तर त्याच म्हणाल्या, राहू दे तिला.

कंदीपेढाताई, तुमची आठवण काढली मी. तिथे अंधारात काही समजावता येत नाही, हे अगदी खरं. जे बोलायचं ते आधी आणि नंतर. आम्ही रात्री केबिनमध्ये दिवा मालवून खूप वेळ बोललो. शाळेत पडलेलं ते नाव तिने मला पहिल्यांदा स्वतःच्या तोंडून सांगितलं, आतापर्यंत मला ते दुसऱ्या मुलीकडून कळलं होतं. कोण म्हणतं, कधी म्हणतं, सगळं. जून उजाडला की मी शाळेत जाऊन बाईंशी बोलणार आहे.

एक शो मात्र आम्ही सोडला. रात्री उशिराचा विनोदी कार्यक्रम होता, ॲपवर वयाची अट स्वच्छ लिहिलेली. चारभिंतीदादा, तुमच्यामुळे रोज रात्री ते वाचायची सवय लागली.

कंदीपेढा

वाचून खूप बरं वाटलं ग. शाळेत जाशील तेव्हा काय झालं ते नक्की लिही. मी काल थोरलीशी बोलायला बसले होते. अर्धा तास बोललो आम्ही.

आयर्विन पूल

ताई, धाकट्याचं काय झालं? पाण्याचा शो बघितला का? आम्हीही दिवाळीत जातोय, म्हणून विचारते.

पेवातली हळद (धागाकर्ती)

दोनदा बघितला. पहिल्या दिवशी मागे बसलो, ईअरमफ लावून. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पुढची रांग मागितली आणि पूर्ण भिजला. ईअरमफ मात्र घ्याच, मिरजेची तार यांचा सल्ला लाखमोलाचा. आणि रात्री उघड्यावर वारा खूप असतो, कोरडा टॉवेल आणि एक स्वेटर जवळ ठेवा. आम्ही विसरलो होतो, सासूबाईंच्या शालीत गुंडाळून आणला त्याला.